विलंबाचं कारण पोळा

वर्ध्याच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडखाली मी एकतीस वर्षं टाइपरायटर चालवला. शेजारच्या टेबलावर माझे यजमान अर्जनवीस म्हणून बसत. लोक येऊन आपली हकीकत सांगत, ते तिचा अर्ज लिहीत आणि मी तो टाइप करी. ते गेल्यावर लिहिणं आणि टाइप करणं दोन्ही माझ्याकडे आलं. त्या एका टेबलावर मी माझ्या मुलाला, देवेंद्रला, शिकवून मास्तर केलं. हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही.

त्या एकतीस वर्षांत कोणतं वाक्य सगळ्यात जास्त वेळा टाइप केलं असेल, तर ते हे : ‘प्रतिवादी आजारी असल्यामुळे त्यास मुदतीत लेखी जबाब दाखल करता आला नाही.’ ज्याच्यावर दावा लागतो तो प्रतिवादी, आणि त्यानं आपली बाजू लिहून द्यायची तो लेखी जबाब. त्याची मुदत चुकली की माणूस घाबरून आमच्या शेडकडे येई आणि आम्ही त्याला आजारी पाडत असू. पावसाळ्यात हिवताप, हिवाळ्यात दमा, उन्हाळ्यात ऊन लागणं. कापूस घरात यायच्या दिवसांत तर आमच्या टाइपरायटरवर निम्मा जिल्हा काविळीनं झोपलेला असे. सोबत डॉक्टरचा दाखला. एका माणसाचं अपेंडिक्स एकाच वर्षात दोनदा काढल्याचे दाखले मी माझ्या हातानं टाचणीनं जोडले होते, आणि दोन्ही अर्ज मंजूर झाले होते. कोणालाच त्यात काही खोटं वाटत नसे. मलाही वाटत नसे. ती एक रीतच होती.

म्हणून मागच्या वर्षीची ही हकीकत मला लिहून ठेवायची आहे.

माझं माहेर रोहण्याचं. आर्वी तालुक्यातलं. तिथे माझे मोठे भाऊ लक्ष्मणराव आणि वहिनी देवकाबाई अजून शेती पाहतात. भाऊ ऐंशीचे झाले, पण पहाटे उठून जोडीला चारा घालणं त्यांनी कोणावर सोपवलेलं नाही. गावात आता बैलांच्या सात-आठ जोड्या उरल्या असतील, त्यांतली एक आमची. मी दर पोळ्याला रोहण्याला जाते. लग्न झाल्यापासून पन्नासेक पोळ्यांत दोनच चुकले, एक देवेंद्रच्या जन्माच्या वर्षी आणि एक यजमान गेले त्या वर्षी.

मागच्या वर्षी मी पोळ्याच्या सकाळीच पोचले. घरात पुरण शिजत होतं. भावांनी बैलांना झुली घातल्या होत्या, शिंगांना बेगड लावली होती. संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढे तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या. मोजून सात. तोरण तुटलं, जोड्या आपापल्या घरी निघाल्या. आमची जोडी दारात आली, वहिनींनी तिचे पाय धुतले, पूजा केली, पुरणपोळी खाऊ घातली. सगळं झालं तरी भाऊ ओट्यावरून उठेनात. शेजारी पाण्याचा तांब्या आणि पूजेचं ताट तसंच मांडून ठेवलेलं होतं. दुसरं ताट.

मी वहिनींना विचारलं. त्या पदरानं हात पुसत म्हणाल्या, "वाट पाहून राह्यले ते. सदाशिवरावची."

हे वाट पाहणं काय, ते सांगायला हवं.

सदाशिवराव आमचे शेताचे शेजारी. त्यांचं शेत रस्त्याला लागून, आमचं त्यांच्या मागे. आमच्या शेतात जायची गाडवाट त्यांच्या धुऱ्यावरून जाते. धुरा म्हणजे शेताचा बांध. आमच्या आजोबांच्या आधीपासून जाते. दोन घरांचा एक धुरा म्हटल्यावर भांडणं व्हायचीच, पण ती मिटवायची आमच्या दोन घरांची एक पद्धत होती. ज्यानं भांडण काढलं असेल, त्यानं त्या वर्षीच्या पोळ्याला तोरणाखालून आपली जोडी घेऊन आधी स्वतःच्या घरी जायचं नाही. समोरच्याच्या दारी यायचं. त्या घरच्या बाईनं बैलांचे पाय धुवायचे, पूजा करायची, पुरणपोळी घालायची, आणि त्या घरच्या कर्त्या पुरुषानं आलेल्याच्या हातात बोजारा ठेवायचा. बोजारा म्हणजे पोळ्याला जोडी घेऊन येणाऱ्याला द्यायचे पैसे. तो हातात पडला की भांडण संपलं. त्यावर पुन्हा कोणी शब्द काढायचा नाही.

हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. मी नऊ वर्षांची असताना सदाशिवरावांच्या म्हशीनं आमची ज्वारी खाल्ली आणि उलट त्यांच्याच वडिलांनी आमच्या वडिलांना चार माणसांत बोल लावले होते. चार महिने दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. पोळ्याला ते जोडी घेऊन आले. मान खाली. आईनं बैलांचे पाय धुतले तेव्हा मी तांब्या धरून उभी होते. माझ्या लग्नाच्या वर्षी चूक आमची होती. भावांनी धुऱ्यावरचं बाभळीचं झाड न विचारता तोडलं होतं. त्या पोळ्याला भाऊ जोडी घेऊन सदाशिवरावांच्या दारी गेले, आणि सदाशिवरावांच्या आईनं त्यांना पोटभर जेवू घालून परत पाठवलं. सत्तर वर्षांत असे पाच पोळे मला आठवतात, सालासकट.

दिवेलागण झाली. सदाशिवराव आले नाहीत. वहिनींनी दोनदा बजावलं होतं म्हणे, की त्या घरी आता बैलच नाहीत, दोन वर्षांपूर्वी विकले, मुलानं, धनंजयनं, ट्रॅक्टर घेतला. भावांचं म्हणणं, कोणाची जोडी मागून आणेल, नाही तर मातीचे बैल आणेल, पण येईल.

भाऊ उठले. तांब्यातलं पाणी तुळशीत ओतलं. मग घरात गेले आणि देव्हाऱ्याखालच्या फळीवरून एक घडी केलेला कागदांचा गठ्ठा आणून माझ्या मांडीवर ठेवला.

"यशोदे, हे वाच. तू कोर्टातली आहेस."

तो दावा होता. आर्वीच्या दिवाणी न्यायालयातला. वादी सदाशिवराव, प्रतिवादी लक्ष्मणराव. आमच्या शेताला त्यांच्या धुऱ्यावरून वाट नाही असं ठरवून मिळावं, आणि भावांनी तिथून गाडी, बैल, माणूस काहीही नेऊ नये अशी कायमची मनाई व्हावी. धनंजयनं धुऱ्यालगत संत्र्याची रोपं लावली होती, त्याला कुंपण घालायचं होतं. ती वाट बंद झाली तर आमचं शेत चारी बाजूंनी कोंडलं जाणार होतं. तिथे पोचायला भावांना पंख लावावे लागले असते.

वर समन्स होतं. मी आधी त्याच्यावरची तारीख पाहिली, कारण ती सवय मला झोपेतही सुटणार नाही. अक्षय तृतीयेनंतर तिसऱ्या दिवशी बेलिफ घरी आला होता. तीन मे. भावांची सही, सुरेख, मोडीच्या वळणाची.

मी बोटांवर मोजलं. मेचे अठ्ठावीस, जूनचे तीस, जुलैचे एकतीस, ऑगस्टचे बावीस. एकशे अकरा.

आता कायदा असा आहे, की समन्स हातात पडल्यापासून तीस दिवसांत लेखी जबाब द्यायचा. तेवढ्यात जमलं नाही तर कारण लिहून द्यायचं, आणि कोर्टाला पटलं तर नव्वद दिवसांपर्यंत मुभा मिळते. नव्वदच्या पुढे सगळं कोर्टाच्या मनावर, आणि ते मन सहज वळत नाही. लेखी जबाब नसला की समोरच्यानं दाव्यात जे लिहिलं तेच खरं धरायला कोर्ट मोकळं. माणसाची बाजू कितीही खरी असो, ती कागदावरच नसते.

मी भावांना विचारलं की तारखांना गेला होता का. गेले होते. तीनही तारखांना, धुतलेलं धोतर नेसून, एसटीनं. साहेबांनी, म्हणजे न्यायाधीशांनी, विचारलं नाही का? विचारलं होतं. लेखी जबाब द्या, वकील लावा, असं नीट समजावूनही सांगितलं होतं. भाऊ म्हणाले होते, देतो साहेब, पोळा होऊ द्या. तिसऱ्या तारखेला, म्हणजे पोळ्याच्या दोन आठवडे आधी, साहेबांनी हुकूम केला की आता लेखी जबाबाशिवाय दावा पुढे चालेल. तो भावांना नीट समजला नव्हता.

"अन् मले काऊन नाई सांगितलं?" माझ्या तोंडून माहेरची बोली निघाली. रागात निघते.

"कायले सांगू? तू वकील लावून देल्ला असता," भाऊ म्हणाले. "लेखी जबाब म्हणजे कागदावर सदाशिवले खोटा म्हणनं. एकदा लिवलं का मग तो पोळ्याले कसा येईन? म्हनून थांबलो."

एवढं साधं होतं ते. समन्स आलं तेव्हा भांडण काढलं सदाशिवनं, म्हणजे पोळ्याला यायचं सदाशिवनं. तोवर आपण उलट शब्द काढायचा नाही. कोर्टाचे दिवस आणि पोळ्याचे दिवस वेगवेगळे मोजले जातात, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी भावांना घेऊन वर्ध्याला आले. आम्ही वर्ध्याला लागून पिपरी मेघेला राहतो. देवेंद्रची मुलगी वेदश्री वकील आहे. तेव्हा तिच्या वकिलीचं तिसरं वर्ष होतं. सकाळी वर्ध्याच्या कोर्टात, आठवड्यातून दोन दिवस आर्वीला, एका मोठ्या वकीलसाहेबांच्या हाताखाली. ज्या शेडखाली मी बसत असे तिच्या समोरून ती काळा कोट घालून रोज जाते. मी तिला कधी सांगितलं नाही, पण ती कोर्टात रुजू झाली त्या दिवशी मी मुद्दाम शेडजवळ जाऊन उभी राहिले होते, नुसती ती आत जाताना दिसावी म्हणून.

वेदश्रीनं कागद दोनदा वाचले. तिनं सांगितलं ते मला माहीत होतंच : आधीचा हुकूम रद्द करा असा अर्ज, विलंब माफीचा अर्ज, त्याला शपथपत्र, आणि सोबत लेखी जबाब तयार. लेखी जबाब अवघड नव्हता. जुना नकाशा होता, वहिवाट होती, सांगणारी माणसं होती. अवघड होतं ते कारण.

तिनं तिच्या वकीलसाहेबांना फोन लावला. ते माणूस म्हणून चांगले आहेत. त्यांनी लगेच उपाय सांगितला. ऐंशी वर्षांचा पक्षकार, चक्कर येणं, रक्तदाब, गुडघे, काहीही चालेल. दाखला ते मिळवून देतील. मी मान हलवली. माझ्या बोटांनी ते वाक्य मनातल्या मनात टाइपही केलं होतं.

भाऊ पाटावर बसून चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "मी आजारी नव्हतो."

वेदश्रीनं समजावलं की हे कोर्टाचं एक बोलणं असतं, सगळेच करतात, यात कोणाचं नुकसान नाही.

"पोरी, मी या चार महिन्यांत एक दिवस खाटेवर पडलो नाई. वखर धरला, डवरा धरला. त्याच धुऱ्यावरून रोज गेलो, सदाशिव पाह्यत होता मले. आता कोर्टात शपथ घेऊन सांगू का मी झोपलेलो होतो? तो काय म्हनन?"

"आजोबा, तो काय म्हणतो त्यानं काय फरक पडतो? त्यानंच तर दावा केलाय."

"त्यानं दावा केला. खोटं नाई बोलला तो. वाट नाई म्हनते, ते त्याच्या पोराचं डोकं. पन मी आजारी होतो म्हटलं तर मीच खोटा ठरलो. मंग वाट घेऊन काय करू?"

मी भावांवर चिडले. वाट गेली तर शेत गेलं, शेत गेलं तर काय उरतं, वगैरे सगळं बोलले. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले की खरं कारण लिहिता येत असेल तर लिहा, नाही तर राहू द्या. संध्याकाळी वहिनींचा फोन आला. त्यांना सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आजारी पडाले फुरसत तरी होती का त्याईले? पडले असते तर मले तेवढाच आराम झाला असता." आणि मग, "नाई म्हनले ते, तर आता नाईच. साठ वर्षं पाहून राह्यली मी."

फोन ठेवल्यावर वेदश्रीनं पेन खाली ठेवलं. मग तिनं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. त्यावर तिनं माझ्यासाठी जुन्या टाइपरायटरचीच अक्षररचना लावून ठेवली आहे, म्हणजे बोटांना नवीन काही शिकावं लागत नाही.

"आजी, तू लिही कारण. मला ते कायद्याच्या भाषेत लिहिता येणार नाही. जसं आहे तसं लिही. सही मी करते."

मी तिला विचारलं की तिचे वकीलसाहेब काय म्हणतील. ती म्हणाली, हसतील. आणि आर्वीचे बाकीचे वकील? तेही हसतील. दोन-तीन वर्षं पोळावाली वकीलबाई म्हणतील, मग विसरतील.

मी लिहिलं. तो परिच्छेद मला पाठ आहे :

‘प्रतिवादी या काळात आजारी नव्हता. समन्स त्यास दिनांक तीन मे रोजी मिळाले व त्याने ते वाचले. वादी व प्रतिवादी यांच्या घराण्यांत पूर्वापार अशी रीत आहे की ज्याने भांडण काढले त्याने पोळ्याच्या दिवशी आपली बैलजोडी घेऊन दुसऱ्याच्या दारी जावे व भांडण संपवावे. तोपर्यंत दुसऱ्याने उलट बोलू नये. प्रतिवादीने या रीतीप्रमाणे पोळ्यापर्यंत वादीची वाट पाहिली व म्हणून लेखी जबाब दिला नाही. न्यायालयाच्या मुदतीचा अवमान करण्याचा त्याचा हेतू नव्हता. यात चूक प्रतिवादीची आहे.’

शेवटचं वाक्य भावांनी घालायला लावलं. वेदश्री म्हणाली होती की हे कोणी लिहीत नाही.

टाइप करताना माझी बोटं दोनदा थबकली. ‘प्रतिवादी आजारी’ इथपर्यंत ती आपोआप धावत आणि पुढचं ‘असल्यामुळे’ मारायला जात. ‘नव्हता’ हा शब्द त्या जागी त्यांनी कधी मारलाच नव्हता.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी अर्ज दाखल झाला. एकशे पंधरावा दिवस. दुसऱ्या बाजूचं म्हणणं मागवलं गेलं. कोर्टात त्याला ‘से’ म्हणतात. सदाशिवरावांच्या वकिलांनी ‘से’मध्ये लिहिलं की विलंबाचं कारण हास्यास्पद आहे, अर्ज खर्चासह फेटाळावा.

सुनावणीला मीही गेले. भावांसोबत मागच्या बाकावर बसले. पलीकडच्या बाकावर सदाशिवराव एकटे होते, धनंजय नागपूरला नोकरीवर. लहानपणी आमच्यासोबत चिंचा पाडणारा माणूस, आता काठी घेऊन बसलेला. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मीही हलवली. भाऊ समोर पाहत राहिले.

सदाशिवरावांचे वकील छान बोलले, खोटं कशाला सांगू. कायद्यात तीस दिवस आहेत, नव्वद आहेत, पोळा कुठेच नाही. आज पोळ्याची वाट पाहिली, उद्या कोणी दिवाळीची पाहील, परवा कोणी मुलाच्या लग्नाची. मागे बसलेले दोन-तीन वकील हसले. मग वेदश्री उठली. तिचा आवाज सुरुवातीला बारीक निघाला. तिनं एवढंच सांगितलं, की असा अर्ज आजारपण दाखवून करणं सोपं होतं, पक्षकारानं ते नाकारलं, आणि जे खरं आहे तेच शपथेवर लिहिलं. ते खरं आहे की नाही हे जाणणारा दुसरा माणूस याच खोलीत बसलेला आहे.

साहेब तरुण होते. त्यांनी कागद खाली ठेवला आणि भावांकडे पाहिलं.

"तुम्ही मला जूनमध्ये म्हणाला होता, पोळा होऊ द्या. मला वाटलं, शेतीची कामं असतील."

भाऊ हात जोडून उभे राहिले. साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं आणि सदाशिवरावांना पुढे बोलावलं. त्यांचे वकील मध्ये पडले, की वादीला विचारायची गरज नाही, से आलेलं आहे. साहेब म्हणाले, मला विचारायचं आहे.

सदाशिवराव काठी टेकत पुढे गेले. साहेबांनी तो परिच्छेद त्यांना वाचून दाखवला. माझं लिहिलेलं, अख्खं, ‘यात चूक प्रतिवादीची आहे’ इथपर्यंत. आणि विचारलं, अशी रीत तुमच्या दोन घरांत आहे का?

मी त्या क्षणी भावांचा हात धरला होता. नाही एवढा एक शब्द सदाशिवरावांनी उच्चारला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. त्यांचे वकील त्यांच्याकडे एकटक पाहत होते.

"आहे साहेब," सदाशिवराव म्हणाले. "माहा बाप गेलता त्याईच्या दारी. हा लक्ष्मण माह्या दारी आलता. खरं लिवलं आहे."

"मग यंदा तुम्ही गेला का नाही?"

सदाशिवरावांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"बैल विकले साहेब, दोन वर्षं झाली. कोनाच्या दारी ट्रॅक्टर घेऊन कसं जावं पोळ्याले?"

या वेळी मागच्या बाकावर कोणी हसलं नाही.

साहेबांनी हुकूम तिथेच सांगितला. नव्वद दिवसांनंतरची मुभा अशी सहज द्यायची नसते. पण विलंबाचं कारण खरं आहे, ते शपथेवर सांगितलं आहे, आणि खुद्द वादीनं ते मान्य केलं आहे. आधीचा हुकूम रद्द, लेखी जबाब दाखल करून घ्यावा. प्रतिवादीनं झालेल्या उशिरासाठी वादीला पाचशे रुपये खर्चापोटी द्यावेत.

एकतीस वर्षांत मी शेकडो विलंब माफ होताना पाहिले. सगळे आजारपणाचे. खऱ्या कारणाचा हा पहिला, आणि तो माझ्या भावाचा, माझ्या नातीच्या सहीचा, माझ्या बोटांनी टाइप केलेला. मी बाकावरून वेदश्रीकडे पाहत होते. ती फाईल बांधत होती आणि तिला दोरीची गाठ मारता येत नव्हती.

खर्च लगेच द्यायचा होता. बाहेर व्हरांड्यात भावांनी कनवटीचा बटवा सोडला आणि पाचशेची नोट काढली. पैसे वकिलांकडे द्यायचे असतात. त्यांच्या वकिलांनी हातही पुढे केला होता. भाऊ त्यांना ओलांडून पुढे गेले आणि सदाशिवरावांसमोर उभे राहिले.

"घे. बोजारा राह्यला होता."

सदाशिवरावांनी नोट दोन्ही हातांनी घेतली आणि पोळ्याला घेतात तशी कपाळाला लावली. त्यांच्या वकिलांनी पावतीचा कागद पुढे केला तेव्हा त्यांनी तो न वाचता सही केली.

यावर लोक विचारतात की मग दावा मिटला का. नाही मिटला. धनंजय आपल्या जागी ठाम आहे आणि कागद धनंजयच हलवतो. साक्षी-पुरावे अजून व्हायचे आहेत. पण आमचं म्हणणं आता कोर्टाच्या फाईलमध्ये आहे, वादीच्या म्हणण्याच्या शेजारी, आणि आमची गाडी अजून त्या धुऱ्यावरून जाते. वेदश्रीला आर्वीचे वकील खरंच पोळावाली म्हणतात. तिच्या वकीलसाहेबांनी त्या अर्जाची एक प्रत मागून घेतली. कशाला, ते सांगितलं नाही.

त्या दिवशी कोर्टातून निघताना वेदश्रीनं डायरीत पुढची तारीख लिहून घेतली आणि भावांना सांगितली. भावांनी ती दोनदा म्हणवून घेतली. मग एसटी स्टँडकडे चालता चालता मध्येच थांबले.

"पोरी, इथून पुढं लेखी काई द्याचं असन तर दिवस आधीच सांगत जाजो. मी मोजीन."

"सांगेन आजोबा."

"अन् एक पाह्यजो. पुढच्या पोळ्याच्या दिवशी तारीख नको घेऊस. त्या दिवशी मी घरीच राहीन. सदाशिव मातीचे बैल घेऊन आला तर दारात कोनी पाह्यजे."